दिवसा घरी कोणी नसतं

म्हातारी माणसं एकत्र बसली की किस्से साचतात, पन्हाळीत पाला साचावा तसे. कुणी काढत नाही, म्हणून मीच काढतो.

आमचा कट्टा म्हणजे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो गावच्या लायब्ररीचा कोपरा. नागपूरचे देशमुख, साताऱ्याच्या शांताबाई आणि मी. शनिवारी मुलं आणून सोडतात. तिघांचं रडगाणं एकच: हिवाळ्यात मुलं ऑफिसला गेली की घराचं हीटिंग बंद!

देशमुखांचं घर फोन मोजतं. सगळे फोन बाहेर पडले की घर रिकामं समजून हीटिंग बंद करतं. ह्यांचा फोन त्यात नाहीच! एकदा मुलाला फोन केला, "बेटा, गारठलो ना!" त्यानं मीटिंगमधूनच चालू केलं. मशीन बारकं, घर भलं मोठं. तापता तापता संध्याकाळ झाली. सून आली, म्हणाली, "ओ माय गॉड, किती गरम!" आणि बंद केलं.

शांताबाईंच्या भिंतीवर डोळावालं यंत्र आहे. कुणी हललं तरच हीटिंग चालू ठेवतं. बाई जपाला बसल्या की दगड. यंत्र म्हणतं, कोणी नाही! आता एक माळ झाली की भिंतीला हात हलवतात. नातीनं पाहिलं. "आजी, हू आर यू वेव्हिंग अ‍ॅट?"

"अगं, मी आहे म्हणून सांगतेय त्याला!"

मी तसले चाळे करत नाही. मी सरळ कपडे वाळवायचा ड्रायर लावतो आणि त्याला टेकून बसतो. सून म्हणाली, "बाबा, आत एकच टॉवेल?"

"हो."

"ओला होता?"

"नाही!"

गेल्या महिन्यात आमचं हीटिंगचं मशीन मेलं. नवा हीट पंप केवढा बसवायचा ते बघायला एक गोरा माणूस आला. मी त्याला चहा दिला. त्यानं माझ्या मुलाला, नितीनला, समजावलं. दिवसभर मंद चालू ठेवणार असाल तर लहान पुरेल. दिवसा घरी कोणी नाही म्हणून बंद ठेवून संध्याकाळी झटक्यात तापवायचं, तर मोठं लागेल. बरोबरच आहे. थांबलेला गाडा ढकलायला जोर जास्तच लागतो.

मग त्यानं विचारलं, दिवसा घरी कोण असतं?

नितीननं लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "नोबडी."

तेवढं इंग्रजी मला येतं.

गोऱ्यानं हातातल्या कपाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी सोफ्यावर, कानटोपी घालून. शांताबाईंसारखा हात हलवला.

त्यानंही हलवला.

परवा मशीन आलं. मोठं!