पावती कुणाच्या नावाची?

लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. जुलै संपत आला की ते शिरूरच्या एसटी स्टँडवरून थेट माझ्या ऑफिसात येतात, आणि पंखा लावला की पावत्यांबरोबर उडतात! त्यातही देणगीची पावती दिसली की मी आधी चष्मा पुसतो.

त्या वर्षी मुदतीच्या आदल्या दिवशी मांडवगण फराट्याचा धनाजी आला. कंपनीत नोकरीला. वडील वारल्यावर गावजेवण न घालता त्यानं शाळेला देणगी दिली होती. तिच्यावर सूट मिळून थोडा रिफंड आला, तर गळक्या घरावर पत्रे टाकायचे होते. पावती बघतो तर नाव वडिलांचं!

"अरे, ज्याच्या नावाची पावती, त्यालाच सूट. शाळेतून तुझ्या नावाची करून आण. उद्या शेवटचा दिवस!"

तो पळतच सुटला.

*

मागोमाग तळेगाव ढमढेऱ्याचे एक पेन्शनर मामा. त्यांनी आश्रमाला कांद्याच्या गोण्या दिलेल्या.

"मामा, वस्तू चालत नाही. पैसेच लागतात."

"म्हंजी कांदं इकून पैसं दिलं असतं तर?"

"चाललं असतं."

"आन् त्यांनी त्याच पैशाचं कांदं घेतलं असतं तर?"

"तरी चाललं असतं."

मी पंखा वाढवला.

*

दौंडचे एक गुरुजी. पावतीवर नाव, 'एक हितचिंतक'!

"तो हितचिंतक मीच!"

"पुरावा?"

"आख्ख्या गावाला माहीत हाय की!"

*

एका पुढारी आप्पांना समजावलं, की उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शापर्यंतचीच देणगी धरतात, आणि सूट तिच्याही निम्म्यावरच.

आप्पा उखडले. "म्हंजी सरकारच म्हणतंय, लई चांगलं वागू नका!"

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, तरी धनाजीचा पत्ता नाही. मी दर एसटीला दारात जाऊन बघत होतो, त्याला पळवलं म्हणून स्वतःवरच चिडत होतो. शेवटी तो भिजून आला आणि टेबलावर पावती ठेवली. तीच, जुनी!

"हेडमास्तर नाही म्हणाले?"

"न्हाई, ते तयार व्हते. म्याच नगं म्हणलं."

"अरे, मग रिफंड?"

"साहेब, आबा जलमभर मेंढरामागं फिरलं. त्यांच्या नावाचा ह्यो पयलाच कागद हाय."

मी देणगी न धरताच रिटर्न भरून त्याची सही घेतली. पावती खिशात ठेवून तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"साहेब, हिथं लॅमिनेशन कुठं करून मिळंल? घर गळतंय."