रंगूबाईचा चहा

रंगूबाईला चहाचं वावडं होतं असं मुळीच नाही. दवाखान्यात तिचा स्टीलचा पेला वेगळा असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. पण नोकरी सोडून घरी बसलेल्या एखाद्या पोरीला परत आणायला ती तिच्या घरी गेली, की मात्र समोर ठेवलेल्या कपाकडे ढुंकूनही बघायची नाही. घरातली बाई म्हणायची, "घ्या ना, निवेल." ही म्हणायची, "घेते गं, आधी बोलू तर दे." मग बोलणं सुरू व्हायचं आणि इकडे चहावर साय धरायची. घरातल्या बाईचा जीव त्या कपात अडकलेला असायचा. खाडीकाठच्या आगरी घरातून पाहुणी चहा न घेता उठून गेली, तर त्या घरची बाई चार दिवस स्वतःला बोल लावत बसते. रंगूबाई त्याच घरांतली लेक. तिला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा ती सरळ सरळ फायदा घ्यायची. शेवटी कुणीतरी हार मानून म्हणायचं, "बरं, येईल ती." मग ही कप उचलायची, तो गार चहा एका दमात संपवायची आणि "उद्या सकाळच्या ड्युटीला पाठवा" म्हणून पदर सावरत उठायची.

भिवंडीतल्या ज्या सरकारी दवाखान्यात ती इन्चार्ज सिस्टर होती, तिथे याला 'चहाचा इलाज' म्हणायचे. थट्टेने म्हणायचे, पण निम्मा स्टाफ त्या इलाजाने टिकलेला होता.

हा इलाज तिने शोधलेला नव्हता. ती नवीन लागली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि सासरी फर्मान निघालं होतं की सुनेने रात्रपाळी करायची नाही. तेव्हा दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सिस्टर, ज्यांना सगळे आक्का म्हणत, तिच्या सासरी येऊन बसल्या. त्यांनी चहाला हात लावला नाही. सासरा चिडला, सासू रडवेली झाली, नवरा केसरीनाथ उगाच आत-बाहेर करत राहिला. शेवटी सासूच म्हणाली, "जाऊ द्या तिला, पण बाय, चहा घ्या." त्या एका कपावर रंगूबाईची सगळी नोकरी उभी राहिली, पुढे घर उभं राहिलं, आणि बायका तिला रस्त्यात थांबवून तिच्या हातावर जन्मलेली पोरं दाखवू लागल्या. आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्या पोरींना द्यायचं, एवढाच तिचा हिशोब होता. त्यात काही वाईट असू शकतं हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. आपल्यापैकी कुणाच्या आलं असतं?

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला. आधी पुण्याच्या बातम्या, मग मुंबईच्या, आणि गणपती तोंडावर आले तेव्हा तो भिवंडीत होता. धामणकर नाक्यावरच्या मेडिकलमधले मास्क संपले, तेव्हा लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. निजामपुऱ्यातले कारागीर कापडाचे लूम तसेच टाकून यूपीच्या गाड्या गाठू लागले. दवाखान्याच्या मागे एक बैठी इमारत होती, तिथे तापाचा वॉर्ड उघडला. घशाचा नमुना मुंबईला जायचा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला असायचा किंवा उरलेला नसायचा.

आणि स्टाफ पळू लागला. एका डॉक्टरला वर्षाच्या मध्येच पुढचं शिक्षण आठवलं. वॉर्डबॉयची कंबर धरली ती सुटेचना. एका सिस्टरला खोलीच्या मालकाने सामान उचलायला सांगितलं, ती गावी गेली ती आलीच नाही. शेअर रिक्षावाले नर्सची पांढरी साडी दिसली की रिक्षा पुढे काढायचे. बहुतेक पोरी कंत्राटी. आज आहे, उद्या नाही अशी नोकरी देऊन वर त्यांनी जिवावर उदार व्हावं अशी सगळ्यांची इच्छा होती. या पोरींना भित्र्या म्हणणारे पुष्कळ होते. ते सगळे घरात दार लावून बसले होते.

वॉर्डात पहिला मृत्यू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मृणाली सिस्टरचा फोन आला. "ताई, सासूबाई नको म्हणतात." फोन ठेवून रंगूबाईने छत्री घेतली आणि मृणालीच्या सासरी, काल्हेरची वाट धरली.

मृणाली तिची सगळ्यात लाडकी. हसरी, हलक्या हाताची. सुई टोचली तर पेशंटला कळायचं नाही. नवरा भावेश गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरची भातशेती होती तिच्यावर आता गोडाऊन उभं होतं, आणि त्या पैशातून बांधलेल्या नव्या घरात गणपतीच्या मखराची तयारी चालली होती. मृणालीच्या सासूने, गुणाबाईने, रंगूबाईला खुर्ची दिली, चहा ठेवला. मृणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आमाला पगाराची काय गरज हाय, बाय?" गुणाबाई म्हणाली. "भाडा येतंय, पोऱ्या कमावतोय. सुनेनं कशाला मरायला जावा?"

"पगाराचं बोलायला मी आलेच नाय," रंगूबाई म्हणाली. घरची बोली तिच्या तोंडी आपोआप यायची. "माज्याकडं मानूसच न्हाय. उद्या तुज्या घरात कोनाला ताप आला, तर कोनाच्या तोंडाकडं बगशील?"

"तसा न्हाय... पन आता जरा तिला दगदग नको."

"दगदग कोनाला न्हाय गुणाबाय? मला न्हाय?"

गुणाबाईने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली. सासू बोलत असताना सुनेने मध्ये तोंड घालायचं नाही, हे शिकलेल्या सुनेलाही लागू होतं. गुणाबाईचे ओठ एकदा हलले. मग तिची नजर कपावर गेली. चहावर साय धरून सायीला सुरकुत्या पडल्या होत्या.

"बरं," ती म्हणाली. "येल ती."

रंगूबाईने कप उचलला. जाताना तिने मृणालीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझी गुणाची पोर." आणि खरंच, तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

मृणाली आली आणि वॉर्डात जीव आला. तिने निजामपुऱ्यातल्या एका म्हातारीला, जी कुणाच्याच हातून काही घेत नव्हती, "अम्मी, बस दो घूंट" म्हणत पाणी पाजलं. घामाने चिकटलेले तिचे केस सोडवून वेणी घातली. म्हातारी बरी होऊन घरी गेली तेव्हा दारापासून परत फिरून आली आणि मृणालीच्या डोक्यावर हात ठेवून गेली. रंगूबाई हे सगळं लांबून बघायची आणि मनात म्हणायची, ही टिकली तर आपण तरलो.

ही जाईल या धास्तीनेच रंगूबाईचा घात केला. एकदा औषधाच्या कपाटापाशी मृणाली हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याशी एक बोलायचं होतं."

रंगूबाईने कपाटाचं दार लावून घेतलं. असंच सुरू होतं राजीनाम्याचं बोलणं. तिने ते किती जणींकडून ऐकलं होतं. "गौरी जाऊ देत, मग बोलू," ती म्हणाली.

"तसं नाही ताई, ते..."

"मग तर घाईच नाही," असं म्हणून तिने पोरीच्या हातात थर्मामीटरचा ट्रे दिला.

दुसऱ्यांदा मृणाली तिला शोधत ऑफिसकडे येताना दिसली, तेव्हा ही मागच्या दाराने एक्स-रेच्या खोलीकडे निघून गेली. न बोललेला राजीनामा हा राजीनामा नसतो, अशी तिची समजूत. इतकी वर्षं बाळंतपणं केलेली रंगूबाई, रस्त्यावरून चाललेली बाई नुसती बघून कितवा महिना ते सांगायची. पण डोळ्यासमोरच्या पोरीत तिला त्या दिवसांत फक्त ड्युटीला आलेलं एक माणूस दिसत होतं. मृणाली डब्यातली भाजी उघडून परत झाकते, हेही तिने पाहिलं होतं. मास्कच्या वासाने होत असेल, असं म्हणून सोडून दिलं होतं.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मृणाली कामावर आली ती तापातच. वॉर्डचे मोठे डॉक्टर रामनाथ. तेच उरले होते, आणि थकून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी तपासता तपासता, सगळ्या बायकांना विचारतात तो प्रश्न विचारला, "पाळी कधी आली होती?"

मृणालीने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. तिने रंगूबाईकडे पाहिलं.

पोटुशी बाईला हा ताप भारी जातो, हे रामनाथ डॉक्टरांनीच सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. पोटुशी कुणी असेल तर तिने वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघण्याचं काम रंगूबाईचं होतं.

अॅम्ब्युलन्समधून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेताना रंगूबाई तिच्या उशाशी बसली. नाशिक हायवेवर ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मृणाली धापा टाकत म्हणाली, "सासूबाईंनी शपथ घातली होती, ताई. तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी तरी तुम्हाला सांगणार होते."

"गप, बोलू नको," रंगूबाई म्हणाली. तिने पुन्हा एकदा पोरीला गप्प केलं होतं. हे तिला घरी पोचल्यावर कळलं, आणि ती केसरीनाथच्या देखत भिंतीवर डोकं आपटून रडली.

पितृपक्षात मृणाली गेली. तिच्याबरोबर पोटातलंही गेलं.

रंगूबाई भेटायला गेली तेव्हा मखर अजून कोपऱ्यात उभं होतं, काढायची शुद्ध कुणाला राहिली नव्हती. सतरंजीवर बायका बसल्या होत्या. सुतकाच्या घरी चहा कुणी विचारत नाही, कुणी मागत नाही. रंगूबाई दाराजवळच टेकली. आपल्याला शिव्या पडतील अशी तिची तयारी होती. पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुणाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी तवाच सांगनार होते, बाय. पन तीन म्हैनं भरलं न्हवतं, तोंडातनं काडू नये म्हनतात. आन तुजा चाय निवत होता."

रंगूबाई उठू लागली. भावेशने हाताला धरून तिला उठवलं आणि फाटकापर्यंत सोडलं. "तुमी पन जपा, ताई," तो म्हणाला. त्या पोराच्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

मृणालीनंतर उरलेल्याही गळाल्या. उन्नती नावाची अंबाडीकडची पोर तेवढी काही दिवस आली, मग तीही थांबली. एका सकाळी रामनाथ डॉक्टरांनी रंगूबाईला बोलावलं. सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. "ताई, अंबाडीला जाऊन या," ते म्हणाले. "उन्नती आली तर वॉर्ड कसाबसा चालेल. नाहीतर टाळं लावायचं आणि पेशंटना सांगायचं, आपापलं बघा." मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते, आणि म्हणूनच ती निघाली. वाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जाताना ती सगळी वाट स्वतःला सांगत होती की खाटांवर माणसं आहेत, त्यांनाही आईबाप आहेत.

उन्नतीचं घर रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांच्या कडेला. बाप लडकू मजुरीला गेला होता. आई आनंदीबाई ओटीवरच पदर खोचून उभी होती. रंगूबाईला बघताच तिने उन्नतीला आत पिटाळलं. तरी रीत म्हणून चटई टाकली, चहा आणून पुढ्यात ठेवला, आणि मग म्हणाली, "पयलंच सांगते बाई, मी न्हाय पाठवनार. पगार बुडला तरी चालंल. किती बी बसा."

रंगूबाईने कपाकडे पाहिलं. वाफ निघत होती. तिने कप उचलला आणि प्यायला सुरुवात केली. जीभ भाजली तरी थांबली नाही.

आनंदीबाई गोंधळली. "आवो, मी तर न्हाय म्हनले."

"म्हणूनच पिते," रंगूबाई म्हणाली. "ठेव तिला घरी. मी न्हाय नेत."

कप रिकामा करून तिने तो चटईवर ठेवला. चपला घालायला ती पायरीवर वाकली तेव्हा उन्नती दाराशी आली होती. रंगूबाई सरळ उभी राहिली. "तुला माझ्याशी काही बोलायचंय का?" तिने विचारलं. "जे असेल ते बोल. मला घाई नाही."

उन्नतीने आईकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "मला भीती वाटते, ताई."

"अजून काही?"

"नाही. तेवढंच."

"मलाही वाटते गं," रंगूबाई म्हणाली. मग ती भिवंडीची जीप धरायला खाचराच्या बांधावरून रस्त्याकडे चालू लागली. वॉर्डात सकाळपासून तिच्यामागे एकही सिस्टर नव्हती, आणि आता कुणी येणारही नव्हती.