फारसी अप्पांचा राजीनामा

अप्पांच्या तट्टाला मराठी येत नव्हतं. थट्टा नाही करत. एकदा मी ते तासाभरासाठी मागून नेलं आणि सिंदफणेच्या पात्रात मधोमध ते जे थांबलं ते थांबलंच. चुचकारलं, टाचा मारल्या, शिव्याही घालून पाहिल्या. काठावरच्या बायका धुणं सोडून हसायला लागल्या. शेवटी त्यांच्यातलीच एक ओरडली, "आवं, ते फारसी अप्पाचं तट्टू हाय! त्याला 'बिरौ' म्हना!" मी दातओठ खात 'बिरौ' म्हणालो आणि ते गुमान चालायला लागलं. बिरौ म्हणजे फारसीत 'नीघ'. परत आल्यावर मी तणतणत अप्पांना विचारलं, "जनावराला फारसी कावून शिकवली?" तर म्हणाले, "मंग बोलू कोनासंगं बे, गोविंदा? ह्या अख्ख्या तालुक्यात दुसरं हाय कोन?"

अप्पा मूळचे चकलांब्याचे, लिंगायत वाण्याच्या घरातले. किराण्याचं दुकान थोरल्या भावानं सांभाळलं आणि अप्पा निजामाच्या तहसिलीत नक्कलनवीस झाले, म्हणजे सरकारी कागदांच्या नकला उतरून देणारे. तहसील कुठली ते सांगत नाही. मी त्यांच्या शेजारच्या चटईवर बसणारा नवा कारकून. आमच्या कचेरीचा सगळा गोंधळच होता. माणसं बोलायची मराठी, कागद निघायचे उर्दूत, आणि फारसी तर अप्पा लहान असतानाच दफ्तरातून हद्दपार झालेली. तिच्यापायी बीडच्या एका म्हाताऱ्या मुन्शींची नोकरी गेली होती. अप्पा नेमके त्यांच्याच दारात जाऊन बसले आणि आठ वर्षं फारसी शिकले. जी भाषा लोक टाकून देत होते ती ह्यांनी उचलून घरी का आणली, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं असेल. दरवेळी उत्तर वेगळं मिळायचं.

त्यांच्यासमोर बोलणं म्हणजे फार जोखमीचं काम. तुम्ही घाईनं काही सांगत असाल, तर मधेच एखादा शब्द चिमटीत धरून ते तुम्हाला थांबवणार. मी एकदा म्हणालो, "हरकत न्हाई, उद्या देतो." झालं! "हरकत म्हंजे फारसीत हालचाल. 'हरकत न्हाई' म्हनलं की मानूस मेला!" दुसऱ्या दिवशी मी 'शिकस्त करतो' म्हणालो, तर म्हणे शिकस्त म्हणजे पराभव. "हे शब्द आपल्याकडं पावने म्हनून आलते आन् घरजावई होऊन बसले. आता माघारी गेले तर घरचे वळखनार न्हाईत त्यांना." असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. मला मात्र त्या काळात साधं पाणी मागतानाही धास्ती वाटायची.

काकू, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून सांगायच्या, "घरात मीठ न्हाई म्हनलं तर 'बले बले' म्हंतेत. बले म्हंजे हो म्हनं. आता हो म्हंजे काय? आननार का न्हाई?"

पण अप्पांच्या डोक्यात एकच होतं. एवढी शिकलेली फारसी कुठंतरी कामाला यायला हवी. परमुलखात कुणाला तरी दुभाषा लागत असेलच की! लोक नारायणगडाच्या यात्रेला देवासाठी जात, अप्पा तिथं लांबून आलेला माणूस हुडकत. हज करून आलेले, पलटणीतून सुटून आलेले, घोड्यांचे दलाल, सगळ्यांना एकच प्रश्न: "तुमच्याकडं फारसी चालती का?" नाणं चालतं का विचारावं तसं. उत्तरं तरी काय एकेक! एकानं काबूल सांगितलं, एकानं इस्तंबूल. एक म्हणाला मुंबईच्या इराण्याच्या चहाच्या हॉटेलात जा. अप्पांनी रद्दी नकलांच्या पाठीवर यादीच केली होती: काबूल, थंडी लई. शिराज, वळख न्हाई. इस्तंबूल, तिथं तुर्की बोलतेत म्हनं, पुन्हा इचारने. ही गावं उगवतीला की मावळतीला हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अप्पांनाही नसावं.

एका वर्षी गावाबाहेर इराण्यांचा तळ पडला. चाकू, कात्र्या, घोड्यांची शिंगरं विकणारी ही भटकी माणसं. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, नवं पागोटं चढवलं, मलाही ओढत नेलं. म्हाताऱ्या इराण्यासमोर उभं राहून त्यांनी मुन्शींकडून शिकलेली ती भरजरी फारसी अशी काही सोडली की मी बघतच राहिलो. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. दोन्ही हात वर केले. अप्पा थांबले तेव्हा तो मोठ्यानं 'आमीन' म्हणाला, मागून बायकापोरंही 'आमीन' म्हणाली. त्यांना वाटलं, हा कुणी आपल्यासाठी दुवा मागायला आलाय! परतताना अप्पा एवढंच म्हणाले, "उच्चार थोडे येगळे हायत त्यांचे." मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. पुढचे दोन दिवस अप्पा तट्टाशीसुद्धा बोलले नाहीत, तेव्हा मात्र मला स्वतःचीच लाज वाटली.

ह्या प्रकारानंतर मीच त्यांना म्हणालो, मला शिकवा. बोलायला कुणी नाही म्हणता ना, मग मी आहे. पाच वर्षं शिकवलं त्यांनी मला, कचेरी सुटल्यावर, मारुतीच्या पारावर बसून. माझं डोकं काही त्या कामाचं नव्हतं, पण अप्पांना राग ठाऊकच नाही. चुकलो की म्हणायचे, "बराबर हाय, फकस्त उलटं हाय."

आणि मग खरंच एक जागा सापडली. खजुराचा धंदा करणाऱ्या मुंबईच्या एका पेढीची इराणात बुशहरच्या बंदरावर वखार होती आणि तिथं त्यांना फारसी जाणणारा दुभाषा हवा होता. जालन्याच्या एका व्यापाऱ्यानं ही बातमी आणली. अप्पांनी फारसीत अर्ज लिहिला. आठ वेळा लिहून फाडला, नवव्या वेळी टपालात टाकला. त्या दिवसापासून काकूंनी लिंबाचं लोणचं घालायला घेतलं. मला हळूच विचारायच्या, "बुशहर कपिलधारपेक्षा लांब हाय का हो?" त्यांच्या जगात यात्रेचं कपिलधार, बीडजवळचं, हेच सगळ्यात लांबचं ठिकाण. मी आपलं "थोडं लांब हाय" म्हणायचो.

उत्तर आलं, तेही फारसीत. अप्पांनी लखोटा फोडला आणि कागद न बघताच माझ्याकडे दिला. "तूच वाच. आज तुजी परीक्षा." मी वाचायला लागलो. अडखळलो नाही, देवाशप्पथ! तुमची विद्या पसंत पडली, आगबोटीचं भाडं आम्ही देऊ, वगैरे वगैरे. आणि शेवटी, एका महिन्याच्या आत 'राजीनामा' पाठवावा. मी मोठ्या तोऱ्यात अर्थ सांगितला, "हितली नोकरी आधी सोडा म्हंतेत, अप्पा. राजीनामा मंजूर झाला की त्याची नक्कल मुंबईला धाडायची, मंग बोलावतेत." मला त्यात काही खटकलंच नाही. दोन दोन नोकऱ्या असलेल्या माणसाला कोण बोटीत बसवील? अप्पा "राजीनामा, राजीनामा" असं दोनदा स्वतःशीच पुटपुटले, कागदाची घडी केली आणि माझी पाठ थोपटली. "झकास वाचलंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तहसीलदारांच्या पेशीत उर्दूत अर्ज दिला: माझा राजीनामा सादर आहे. तहसीलदार दौऱ्यावर होते, ते पाच आठवड्यांनी उगवले. आल्या आल्या त्यांनी अप्पांना बोलावलं, मीही मागे जाऊन उभा राहिलो. तहसीलदार हैदराबादचे, फार गोड माणूस. खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "अप्पासाहेब, बड़ी ख़ुशी हुई! कोई राज़ी नहीं था, एक आप राज़ी हुए!" मला काही कळेना. अप्पा खाली बघत होते. मग समजलं. पाटोद्याच्या डोंगरात एक नवं दफ्तर उघडायचं होतं, तिथं जायला कुणीच तयार नव्हतं, आणि कचेरीभर परिपत्रक फिरलं होतं की जो खुशीनं जाईल त्यानं लिहून द्यावं. उर्दूत नोकरी सोडण्याला म्हणतात इस्तीफा. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद, संमती. तहसीलदारांनी शब्दाप्रमाणे अर्थ घेतला आणि बदलीचा हुकूम काढून टाकला.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कारण उर्दूत तो अर्थ, तर फारसीतही तोच! मुंबईवाल्यांनी नोकरी सोडायला सांगितलंच नव्हतं. त्यांना फक्त 'येतो' असा संमतीचा कागद हवा होता, एक ओळ! आणि महिना केव्हाच उलटून गेला होता. मी, पाच वर्षं घोकून, त्यांच्या फारसी पत्रात आपला मराठी राजीनामा वाचला होता. बुशहरला निघालेले अप्पा माझ्यामुळे पाटोद्याला पोचले. निघताना मी त्यांचे पाय धरले, तर म्हणाले, "उठ बे, कचेरीत लोक बघायलेत."

चार वर्षं ते ओझं मी वागवलं. बायकोला सांगितलं नाही, कुणाला सांगितलं नाही. शेवटी न राहवून पाटोद्याला गेलो. दफ्तर कसलं, एक खोली आणि दोन पेट्या. अप्पा वाळले होते, पण मला पाहून हरखले. जेवणं झाल्यावर मी विचारलंच, "अप्पा, तुमी ते पत्र पुन्हा सोता वाचलं न्हाई का?"

"वाचलं की. त्याच दिवशी."

"मंग? राजीनाम्याचा अर्थ कळला न्हाई तुमाला? तुमाला?"

अप्पांनी सुपारी कातरायला घेतली. "गोविंदा, तहसीलदारांना मी जे लिवलं ते त्यांनी बराबर वाचलं. मीच राजी होतो हितं यायला. मला ग्रंथातली फारसी येती बाबा, मानसांची न्हाई. समदं गाव मला फारसी अप्पा म्हंतंय. बुशहरला उतरलो आन् तिथल्या पयल्या हमालालाच माजं बोलनं कळलं न्हाई, तर मी कोन? तू चुकीचं वाचलंस आन् मला वाट मिळाली. तुजे उपकारच हायत."

मी सुटलो. खरंच सांगतो, परतीच्या वाटेवर मी गाणं म्हणत होतो. पण घर जवळ यायला लागलं तसं डोकं भणभणायला लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, तो उत्तर मिळाल्यावर पाठ फिरवेल? आणि फिरवली तर मला तेव्हाच का नाही सांगितलं? बरं, खोटं बोलावं, तर अप्पांना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. की त्यांचं खोटं मला ओळखता येत नव्हतं?

अप्पा त्यानंतर दोन वर्षांनी तापानं गेले. मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. काकूंनी गूळपाणी दिलं आणि आतून एक लखोटा आणला. "गोविंदराव, हे जरा वाचून दाखवता का? हितं आलो त्याच महिन्यात त्यांनी मुंबईला पुन्यांदा कागद लिवला होता, त्याचं उत्तर हाय. मला म्हनले, गोविंदाला ह्यातलं काई सांगू नको. आता ते न्हाईत म्हनून दाखवते."

पाटोद्याला आल्या आल्या पुन्हा लिहिलं होतं! मग राजी कुठले, अन् काय कुठले! की आधी भ्याले आणि मग पस्तावले? मला आजतागायत उलगडा झालेला नाही, आणि आता विचारू कुणाला? मी कागद उलगडला. फारसीच. चारच ओळी होत्या. आपला खुलासा मिळाला, मुदतीत संमती न आल्यामुळे जागा दुसऱ्यास दिली, पुन्हा लिहिण्याची तसदी घेऊ नये.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "त्यांनी बोलावलं होतं ना? मला ते म्हनले होते, या म्हनून कागद आलाय, पर तुला सोडून कुटं जाऊ, म्हनून मीच गेलो न्हाई. एवढं खरं हाय का, तेवढंच सांगा."

मी ते पत्र पहिल्यापासून, एकही अक्षर न अडखळता, मोठ्यानं फारसीत वाचलं. मग म्हणालो, "हो काकू. या म्हनून लिवलंय. दोनदा लिवलंय."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मग कागदाची घडी घालत म्हणाल्या, "माजा इस्वास होताच. ते म्हनायचेच, गोविंदा कदी चुकीचं वाचत न्हाई."