झरोक्याला ठोकलेला दंड

"मामा, हिला मागं प्लास्टर कुणी घातलं होतं?" नवे डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले.

"मी. दुसरं कोण घालणार?"

समोर पेडगावची गोदा बसली होती. वय चौदा-पंधरा, मेंढरं राखणाऱ्याची पोर. उजवा दंड डाव्या हातानं पोटाशी आवळून धरलेला. चार महिन्यांपूर्वी एडक्यानं ढुशी दिली तेव्हा हाच दंड खांद्याखाली मोडला होता. त्या वेळी जुने डॉक्टर होते. मी यू-स्लॅब घातला. म्हणजे ओल्या प्लास्टरची जाड पट्टी काखेतून काढायची, कोपराखालून वळवायची, खांद्यावर चढवायची. दीड महिन्यात हाड जुळलं. आता शेळीला ढेकूळ फेकून मारलं, तर दंड तिथंच पुन्हा मोडला.

"ढेकूळ मारून दंड मोडतो का?" डॉक्टर म्हणाले. "प्लास्टर ढिलं राहिलं असणार."

मी चौथी नापास. पण परभणीतल्या या खाजगी दवाखान्यात वीस वर्षं प्लास्टर घालत होतो. म्हणालो, "साहेब, ढिलं असतं तर हाड जुळलंच नसतं. अडीच महिने ती मेंढरं काय दातानं हाकत होती?"

त्यांनी एक्स-रे डोळ्यांजवळ नेला. कारण तोवर त्यांना भलतंच दिसलं होतं. हाड जिथं मोडलं तिथं आत काळी पोकळी. ज्वारीचं धाट किड्यानं आतून खाल्लं की वरून साल तेवढी उरते, तसं.

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. पोकळी दोन जातीची असू शकते म्हणाले. एक साधी, आत नुसतं पाणी. ती जीव घेत नाही, हाड पातळ करते. दुसरी कॅन्सरची. तसं असेल तर मुंबईला पाठवायचं, अन् कदाचित हात खांद्यातून काढायचा.

"जुना एक्स-रे पाहिजे," ते म्हणाले. "पोकळी तेव्हाही एवढीच असेल तर बहुतेक साधी. वाढली असेल तर अवघड आहे."

आमच्याकडं फिल्म पेशंटला घरी द्यायची पद्धत. गोदाचा बाप मारोती, त्याला विचारलं.

"हाय की, घरी झरोक्याला लावलीय. उजेड येतो, वारं येत न्हाई."

"मग येताना आणायची ना."

"झरोका काढून कसा आणू, मामा?"

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा बंद. एसट्या उभ्या. मारोती पोरीपाशी बसला अन् मी सायकल काढली. पोरीसाठी गेलो असं लिहिलं तर खोटं होईल. पोकळी आधीपासून असेल तर दोष प्लास्टरचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात. निघताना नव्या फिल्मवर अंगठा ठेवून पोकळी मोजली. दोन पेरं.

पेडगावात गोदाची आई दारात शेण कालवत होती. मी फिल्म मागितली. "कशाला?" तिनं विचारलं. मी सांगितलं, सगळंच सांगितलं. तिनं हात धुतले नाहीत. तशीच उठली, खुरप्यानं चारी खिळे उपसले अन् फिल्म माझ्या हातात दिली.

धुरानं काळी झाली होती. धोतराच्या सोग्यानं पुसली, उन्हाला धरली. मोड ओळखीची. अन् मोडीपाशी तीच पोकळी. चार महिन्यांपूर्वी जुन्या डॉक्टरांनी अन् मी मोडीची रेघ तेवढी बघितली होती. मोडलेलं दिसलं की माणूस बाकी काही बघत नाही. अंगठा ठेवला. दोन पेरं.

"माझं प्लास्टर चांगलं होतं," मी म्हणालो.

"मी हाताचं इचारायलेय," ती म्हणाली.

मला जरा लाज वाटली. तशी मला सहसा वाटत नाही.

"राहतोय हात," मी म्हणालो. डॉक्टरांच्या आधी.

डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं. पोकळी तेवढीच. दुसऱ्या खुणाही साधीच्या होत्या. आधी मोड जुळू द्यायची ठरली. "मामा, स्लॅब तुम्हीच घाला," एवढंच ते मला म्हणाले. ढिल्या प्लास्टरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, अन् मी रोज काढला.

दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. पोकळी खरवडली अन् कमरेच्या हाडाचे बारके तुकडे काढून तिच्यात भरले. खरवडलेलं तपासायला पाठवलं, तेही साधंच निघालं. वर्षभरानं गोदा दाखवायला आली तेव्हा मी आवारातल्या डुकराकडं बोट केलं. तिनं ढेकूळ नेमकं मारलं. दंड शाबूत.

मारोती मात्र फिल्म परत मागत होता. डॉक्टर ती सोडेनात. शेवटी आमच्या एक्स-रेवाल्यानं खराब झालेली एक फिल्म दिली. त्या झरोक्यात आता कुणाच्या तरी बरगड्या आहेत.

म्हणून सांगतो, जुना एक्स-रे टाकू नका. ठेवायला जागा नसेल तर झरोक्याला ठोका. फक्त खिळे कडेला मारा.