चिमूटभर माती

ड्रोन उडवण्याआधी मामा खाली वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे आणि खांद्याइतक्या उंचीवरून सोडायचे. माती सरळ पडली तर ठीक. तिरकी गेली तर ते ड्रोनची पेटी बंद करून तिच्यावरच बसायचे. मग नवरदेव घोड्यावर चढलेला असो की उतरलेला.

तुम्हीही एखाद्या लग्नात असा माणूस पाहिला असेल. सगळे स्टेजकडे बघत असतात आणि हा एकटा आभाळाकडे. आमच्या स्टुडिओत सगळे त्यांना मामाच म्हणत. ते देवगाव रंगारीकडचे. घरी मेंढरं होती. दहावी झालेले होते, म्हणून चाळिशीत प्रशिक्षण घेऊन त्यांना ड्रोनचं लायसन काढता आलं. मी गंगापूर तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. स्टुडिओचे मालक शेठ, त्यांनी मला एडिटिंगला ठेवलं, त्याचे उपकार मी आजही मानतो. ड्रोनचे नियम इंग्रजीत असत. ते वाचून मामांना मराठीत सांगणं हेही माझ्याकडे आलं. त्यामुळे माझं नाव पडलं गुरुजी.

रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न. "काय गुरुजी, आज नकाशा काय म्हणतो?"

मोबाईलवरच्या नकाशात कुठे उडवता येतं, कुठे येत नाही, हे रंगांनी दाखवलेलं असतं. चिकलठाण्याकडे विमानतळ असल्यामुळे तिकडचा भाग लाल. मी "लाल" म्हणालो की मामा पेटीला हातही लावत नसत.

ड्रोन कायम डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, असा एक नियम आहे. तो मी वाचून दाखवला तेव्हा ते हसले. "हे आमच्या बापानं मेंढरांपाशी सांगितलंय. नजरंआड गेलं की आपलं नाय."

ते पडद्यापेक्षा आभाळात जास्त बघायचे. एकदा एक घार ड्रोनभोवती फिरू लागली, तर त्यांनी लगेच तो खाली घेतला. "तिचं वावर हाय ते. आपण पाहुणे." शेजारच्या गच्चीवर बायका पापड वाळवत असल्या की कॅमेरा दुसरीकडे वळवायचे. एका लग्नात नवरीच्या आजीनं विचारलं, "भाऊ, हे वरून समदं बघतंय का?" मामा म्हणाले, "व्हय आजी, पदर नीट घ्या." आजीनं खरंच घेतला.

बिडकीन रस्त्यावरच्या एका लॉनवर लग्न होतं. नकाशात ती जागा हिरवी होती. नवरा-नवरी एकमेकांना हार घालताना वरून ड्रोननं गुलाबपाकळ्या टाकाव्यात, असा नवरीच्या काकांचा आग्रह होता. मामांनी माती सोडली. ती तिरकी गेली.

"डोक्यावरून नाय," मामा म्हणाले. "खाली लेकरं हायत."

"परवाच्या लग्नात उडवलं की एकानं," काका म्हणाले. "कुणाचं डोकं फुटलं का?"

शेठ म्हणाले, "मामा, दोन मिनिटांचं काम हाय. लई ताणू नका." मामा हलले नाहीत. मग शेठ माझ्याकडे वळले. "तू शिकलेला हायस. नियमात काय लिहिलंय, सांग बरं यांना."

नियमात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. गर्दीवरून उडवू नये, वरून काही टाकू नये. त्या ओळी मीच मामांना दोनदा वाचून दाखवल्या होत्या. मी म्हणालो, "थोडा वेळ चालून जातं, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"नकाशा असं म्हणतो व्हय, गुरुजी?"

मी खाली बघितलं. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून रिमोट खुर्चीवर ठेवला, पिशवी उचलली आणि ते फाटकाकडे चालू लागले.

मग शेठनी स्वतः ड्रोन उडवला. निम्म्या पाकळ्या जेवणाच्या टेबलांवर पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाही काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही काहीतरी होण्याची वाट बघत असाल. मीही बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. नंतरही नाहीत. शेठ म्हणाले, "गेले तर गेले." महिनाभरानं मी फोन केला. मागून मेंढरांचा आवाज येत होता. परत या म्हणालो. "बघू," ते म्हणाले. "तुमचं नीट चाललंय न्हवं, गुरुजी?" मी हो म्हणालो.

त्या लग्नाचं एडिटिंग माझ्याकडेच होतं. वरून घेतलेला तुकडा लावला. मांडव, डोकी, हार, पाकळ्या. वरच्या कोपऱ्यात लॉनचं फाटक दिसत होतं आणि फाटकाबाहेर मामा. ते गेलेच नव्हते. खांद्याला पिशवी, कपाळावर आडवा हात, मान वर. ड्रोन हवेत असेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. तो खाली येऊ लागला तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला आणि पाठ फिरवली.

शेठ मागून बघत होते. "तो फाटकातला माणूस काढून टाक. बरं नाय दिसत."

एका मिनिटाचं काम होतं. मी चौकट थोडी आत घेतली. फाटक गेलं, मामा गेले. हार तेवढे राहिले.