आडनावाचं सूप

कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाला आमच्या सहलीचं जहाज लागलं तेव्हा माझा नवरा स्वानंद केबिनमध्ये पोट धरून पडला होता. आदल्या दिवशीच्या बुफेचा प्रताप! "आबांना फिरवून आण, आणि साडेचारच्या आत परत या. जहाज कुणासाठी थांबत नाही," एवढं बोलून तो पुन्हा बाथरूमकडे पळाला. झालं! सासरे आणि मी, दोघंच. आबा तीन आठवड्यांपूर्वी गडहिंग्लजहून आमच्याकडे नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला आले होते. तेव्हापासून आमचं बोलणं "चहा घेणार?" "घेईन" याच्या पलीकडे गेलं नव्हतं.

हे बेट नेदरलँड्सच्याच राज्यातलं. एवढा समुद्र ओलांडून उतरावं, तर समोर आम्स्टरडॅमच्या धाटणीची घरं, फक्त पिवळ्या-निळ्या रंगात बुडवलेली. फलक डचमध्ये, दुकानात गौडा चीज. ऊन तेवढं परदेशी. बंदरावर एक तरंगता पूल आहे. आम्ही मधोमध असताना घंटा वाजली आणि पूलच एका बाजूला सरकायला लागला, आमच्यासकट.

"कुठं चाललाय ह्यो?" आबांनी विचारलं.

मला तरी काय ठाऊक! एक बोट निघून गेली आणि पूल मुकाट्यानं जागेवर आला.

टॅक्सी करून गावाबाहेर गेलो. चिंचेच्या झाडाखाली एक खानावळ होती. फुन्ची (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आबांना एकदम पसंत पडली. तेवढ्यात त्यांचं लक्ष पदार्थांच्या फळ्याकडे गेलं.

"काय लिवलंय त्येच्यावर?"

"लेग्वानेनसूप. घोरपडीचं सूप," मी बोलून गेले आणि जीभ चावली. आमचं आडनाव घोरपडे. लेग्वान म्हणजे खरं तर इग्वाना, घोरपडीच्या नात्यातला. पण बारकावे आठवेपर्यंत उशीर झाला होता.

"आमच्या आडनावाचं सूप?" आबांनी चमचा खाली ठेवला.

अंगणातल्या बुटक्या भिंतीवर एक हातभर लांब इग्वाना ऊन खात पडला होता. आबा उठले, टोपी नीट केली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. "हिला सोडल्याबिगर मी हलणार न्हाई."

तीन वाजले होते. बंदर पाऊण तासावर. मी हात जोडले, जहाजाची धमकी दिली, स्वानंदची शपथ घातली. आबा ढिम्म!

शेवटी मालकिणीला गाठलं. धिप्पाड बाई, कमरेला ॲप्रन. मी डचमध्ये सुरुवात केली. सहा वर्षं मी नेदरलँड्समध्ये राहते, परीक्षाही पास झालेय. पण तिथे मी डचमध्ये तोंड उघडलं की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. डॉक्टर, गेमेंटे (नगरपालिका), भाजीवाला, सगळे! त्यामुळे माझं डच पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशांसारखं कपाटातच राहिलेलं. घाईत मी म्हणाले, "मायन स्खोनफाडर इज एन लेग्वान." सांगायचं होतं की सासऱ्यांचं आडनाव त्यावरून आहे. सांगितलं, की माझे सासरे घोरपड आहेत.

बाईनं भिंतीकडे पाहिलं. दोघंही डोळे मिटून बसले होते.

"दिसतंय," ती गंभीरपणे म्हणाली. डचमध्ये!

मला इतका आनंद झाला की मी भांडायलाच लागले. ती म्हणे, हा मेनेर (श्रीयुत), माझा पाळीव. सूप सकाळीच संपलं. मी म्हटलं, मग सोडला म्हणून हातवारे करून दाखव त्यांना. ती म्हणे, सोडू कुठून? तो मोकळाच आहे, भिंत त्याची आहे, तुझा सासराच त्याची जागा अडवून बसलाय. मी आवाज चढवला. क्रियापदं सापडतील तिथे फेकत होते. मी "द स्खिप" (जहाज) म्हणून ओरडले, तर ती "हेट स्खिप!" अशी व्याकरणाची दुरुस्ती करून पुन्हा भांडायला लागली. एकदाही इंग्रजीवर आली नाही, गुणाची बाई!

टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला तशी मी भानावर आले. "आबा, सुटली ती! बाईंनी शब्द दिलाय," मी ठोकून दिलं.

आबा लगेच उठले. बाईला नमस्कार केला, मेनेरलाही केला. बंदरावर ते माझ्यापुढे पळत होते. आम्ही चढलो आणि मागोमाग शिडी उचलली गेली.

पण खोटं बोलल्याचं मनाला लागून राहिलं. सहल संपली, आणि परतीच्या विमानात स्वानंद झोपल्यावर राहवेना.

"आबा, मी थाप मारली. ती घोरपड पाळलेली होती."

"ठावं हाय. मानसाला न भिणारं जनावर सुपातलं आसतंय व्हय?"

"अहो, मग अर्धा तास बसलात कशाला? जहाज चुकलं असतं ना!" मी भडकलेच.

"तू भांडत हुतीस न्हवं," आबा म्हणाले. "तीन आठवडं तुझ्या घरात हाय, तुझा आवाजच ऐकला न्हवता. वाटायचं, पोरगी परमुलखात सुखात हाय का न्हाई. म्हटलं, बोलू दे मनासारखं."

मला रडू आलं. खिडकीकडे तोंड करून बसले.

आम्स्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, कुठून आलात? मी डचमध्ये उत्तर दिलं. त्यानं पुन्हा इंग्रजीत विचारलं. मी पुन्हा डचमध्येच सांगितलं, मागे उभ्या असलेल्या आबांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.