पंखाही लग्नाला आला होता

चार माणसांनी मिळून सिनेमा करायचा म्हटलं की सिनेमा थोडा आणि सांगण्यासारखं फार निघतं. आमचं शूटिंग संपलं, एडिटिंग झालं, तरी चहाला बसलो की त्याच गोष्टी निघतात. मी रोजचं रोज लिहून ठेवते, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

आमची डायरेक्टर केतकी. तिशीच्या आतली, ऑटिस्टिक. हे ती आपलं नाव सांगावं तितक्या सहज सांगते. लग्नाच्या हॉलमध्ये तिला जसं दिसतं, जसं ऐकू येतं, अगदी तसा सिनेमा तिला करायचा होता. गोष्ट नाही, संवाद नाहीत. कॅमेरा तिचा, आवाज सलीमभाईंचा, सामान आणि डबे माझे. चौथे तिचे बाबा, वसंतराव. सिनेमा दाखवायला बरकतपुऱ्यातला मराठी मंडळाचा हॉल त्यांच्या शब्दावर मिळणार होता. त्यांची अट एकच: "सुरुवातीला कॉमेंट्री टाक. तू अशी का आहेस ते लोकांना कळू दे."

केतकीचं उत्तरही एकच. "कॉमेंट्री आली तर तो माझा सिनेमा नाही."

*

आमच्याकडे 'ॲक्शन' असं कुणी ओरडत नाही. केतकीला ते सोसत नाही. तिने हात खाली केला की सुरू.

नाटकात काम करणारे जोशीकाका नवऱ्या मुलाचे वडील झाले होते. शेरवानी घालून दाराशी उभे. हात कधीच खाली गेला होता, पण काकांचे कान अजून 'ॲक्शन'कडे. घड्याळ बघितलं, घाम पुसला, रस्त्याकडे मान वळवली. शेवटी म्हणाले, "अगं, सुरू केव्हा करतेस?"

"झालं, काका. तुम्ही वाट फार छान बघता."

*

सलीमभाईंनी आयुष्यभर आवाज साफ करून दिलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी हेडफोन काढून सांगितलं, "मॅडम, पंखे की आवाज निकाल देतौं. कचरा है."

"नक्को, सलीमभाई. पंखा भी शादी में आया था."

केतकीला सगळे आवाज सारख्याच जोराने ऐकू येतात. माणसाचं बोलणं पुढे आणि बाकीचं मागे, अशी रांग तिच्या कानात लागत नाही. सिनेमातही तिला तसंच हवं होतं. सलीमभाई कुरकुरत कामाला लागले. महिन्याभराने मला म्हणाले, "दीदी, मेरे घर का फ्रिज इत्ता बोलता, मेरेकु मालूमच नै था. बेगम बोलरी, अब तुम भी शुरू हो गए."

*

लग्नाचे कपडे शिवतानाचे शॉट नारायणगुड्यातल्या एका टेलरच्या दुकानात घेतले. मालक नवा शर्ट घालून बसले. केतकीने दिवसभर फक्त त्यांचा अंगठा घेतला. डब्यातली बटणं चाळणारा, एकसारखी दिसणारी बाजूला काढणारा.

संध्याकाळी त्यांनी स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "इसमें मैं किधर हूँ?"

केतकीने अंगठ्यावर बोट ठेवलं.

त्यांनी आपला अंगठा स्क्रीनशेजारी धरून पाहिला. मग म्हणाले, "हौ. मैंच हूँ."

*

पुण्याहून इथे आलेला आयटीतला एक हौशी प्रोड्यूसर रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग, बघायला आला. म्हणाला, "ऑटिझम दाखवायचाय ना? मग कॅमेरा हलव, थोडं ब्लर कर. लोकांना त्रास समजला पाहिजे."

"मला स्वच्छ दिसतं," केतकी म्हणाली. "हलणारं तुम्हाला दिसत असेल तर तो तुमचा सिनेमा. तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला नवा ट्रायपॉड पाठवला.

*

सिनेमा शेवटी हॉलमध्ये लागला, कॉमेंट्री न घालता. ते कसं जमलं, तेवढं सांगते.

हॉल द्यायचा की नाही हे ठरवायला मंडळाच्या कमिटीसाठी ट्रायल शो ठेवला. पुढच्या रांगेत सेक्रेटरी कुलकर्णी आणि वसंतराव. मागे केतकी, सलीमभाई, मी.

काही शॉट आम्ही मुद्दाम घेतले होते, पण लग्न खरं होतं. केतकीच्या मामेबहिणीचं, नामपल्लीच्या फंक्शन हॉलमधलं. पडद्यावर स्टीलच्या जगमधून ठिबकणारं पाणी. आवाज मात्र सगळे. चमचे, बांगड्या, जनरेटर, मंगलाष्टकं, पंखा. त्यातच एका पुरुषाचा आवाज. "केतकी... अगं ओ दे ना... केतकी..." चमच्याइतकाच. बांगड्यांमध्ये बुडायचा, परत वर यायचा.

आवाज वसंतरावांचा होता. हाक मारली तर ही मुलगी ओ देत नाही, ही त्यांची तक्रार तिच्या लहानपणापासून सगळ्या नात्यात ठाऊक.

दिवे लागले. कुलकर्णी म्हणाले, "बोला वसंतराव. कॉमेंट्री टाकायची ना?"

वसंतराव पांढऱ्या पडद्याकडे बघत होते.

"वसंतराव?"

मान वळली नाही.

"अहो वसंतराव, तुम्हाला विचारतोय मी." कुलकर्ण्यांनी त्यांच्या खांद्याकडे हात नेला.

मागून केतकी हळूच म्हणाली, "थांबा, काका. त्यांना ऐकू आलंय."